उत्तम बाटली आडवीच

"वा! याला म्हणतात पान!"

बोरस्ते साहेबांनी रविवारची पुरवणी टेबलावर पसरली, घडीवरून तळहात फिरवला आणि मागे रेलून ते पानाकडे बघत बसले. मुलीकडचे होकार देऊन गेले की मुलाचा बाप मुलाकडे जसा बघतो, तसे.

अर्धं पान म्हणजे आमच्या तळघराचा रंगीत फोटो. लाकडी मांडणीवर ओळीनं निजलेल्या बाटल्या, त्यांच्यावर पिवळा मंद उजेड. वर, चष्मा विसरलेल्या माणसालाही वाचता येईल अशा टाइपात मथळा: 'उत्तम बाटली आडवीच!' खाली लेख. बाटली आडवी ठेवली की आतली वाईन बुचाला लागून राहते, बूच ओलं राहतं, हवा शिरत नाही, चव टिकते. उभी ठेवली की बूच वाळतं आणि माल बिघडतो. कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'माहितीपर सदर', कारण दारूची जाहिरात छापायला बंदी आहे, माहिती छापायला नाही.

"साहेब, परवा मतदान आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर आज छापून आणलं. ऋत्विकचं टायमिंग बघ."

टायमिंगचा धनी शेजारीच बसला होता. ऋत्विक सबनीस, मुंबईच्या जनसंपर्क कंपनीचा माणूस. पायात मोजे न घालता बूट घालायचा आणि मला 'मॅम' म्हणायचा. पान त्यानं मुंबईहून परस्पर पेपरला पाठवलं होतं. मी जनसंपर्क अधिकारी असल्यामुळे मला ते छापून आल्यावर समजलं.

जनसंपर्क अधिकारी मी झाले त्याची हकिगत छोटी आहे. डोंगरमाथा वाइन्समध्ये मी हिशेब खात्यात होते. आमची वायनरी दिंडोरी रस्त्यापासून आत, करंजवडी गावाला लागून. गावच्या फाट्यावर, अगदी बसथांब्याला खेटून, साहेबांना वाईन विक्रीचं दुकान काढायचं होतं. मागे काचेची खोली, शहरातून आलेल्या पाहुण्यांनी बसून चव घ्यायची, पुढे काउंटर, गावानं येता-जाता बाटली न्यायची. मुंबईचे भागीदार या दुकानाच्या भरवशावर पैसे घालायला तयार झाले होते. तेवढ्यात गावातल्या हौसाताई गायधनींनी बायकांच्या सह्या गोळा करून कचेरीत दिल्या आणि मतदान लागलं. मत फक्त बायकांना. गावच्या निम्म्याहून जास्त बायका विरोधात गेल्या तर दुकान होणार नाही. हौसाताईंनी पूर्वी गावातलं देशीचं दुकान बंद पाडलं होतं एवढं आम्हाला ठाऊक होतं. कसं, ते विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

"बायकांशी बाईच बोललेली बरी," असं म्हणून साहेबांनी ऑफिसात नजर फिरवली. ऑफिसात बाई एकच होती. झाला जनसंपर्क. दोन महिने मी गावातल्या बायकांना 'दारू वेगळी, वाईन वेगळी' असं समजावत फिरले. दुकान उघडलं तर हे पद कायम, नाही तर परत व्हाउचरं लावायची, असं ठरलं. आणि मला ते पद हवं होतं. इतकी वर्षं आकड्यांशी बोलून माझा आवाज बसत चालला होता.

"मतपत्रिकेवर चित्रं कुठली आहेत, साहेब?" मी विचारलं.

"एक उभी बाटली, एक आडवी."

"उभीवर शिक्का मारला तर?"

"दुकान हवं."

"आणि आडवीवर?"

"दुकान बं..."

साहेबांचा तळहात पानावर होता. तवा हाताला लागावा तसा त्यांनी तो उचलला.

मग ऋत्विक म्हणाला, "पण मॅम, फॅक्चुअली करेक्ट आहे. जगभर आडवीच ठेवतात."

"जगाला मत नाहीये. करंजवडीच्या बायकांना आहे."

"आपण ग्राहकांना एज्युकेट करतोय, मॅम."

"झाले ते एज्युकेट! आता मतदानाला जातील!"

"ओरडू नकोस, पिंगळे," साहेब म्हणाले. "लोक एवढे खुळे नसतात." मग त्यांनी पानाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "असतात का गं?"

माझ्या डोक्यात कायम दोन रकाने असतात, जमा आणि नावे. माणूस भेटला की तो आपोआप एकीकडे जाऊन बसतो. गावाची मांडणी मी केव्हाच करून ठेवली होती. हौसाताईंचा गट नावे. आमच्या मळ्यात तोडणीला येणाऱ्या बायका, ट्रॅक्टरवाल्यांच्या बायका, आम्हाला द्राक्षं घालणाऱ्यांच्या घरच्या बायका जमा. काठावरच्या सोडल्या तरी जमेची बाजू जड होती. म्हणजे धोका शत्रूंकडून नव्हता. धोका आपल्याच माणसांकडून होता, कारण कंपनीचं छापून आलेलं कौतुकानं वाचणारी तीच होती.

"जा," साहेब म्हणाले. "निस्तर."

पान ऋत्विकनं काढलं होतं. निस्तरायला मी.

आधी पेपरचं ऑफिस गाठलं. 'दैनिक जनपहाट'चे संपादक वामनराव क्षेमकल्याणी, सगळे त्यांना नाना म्हणत. रविवारी दुपारी ते एकटेच बसून शेंगा सोलत होते.

"या, या! पान फक्कड झालंय हो तुमचं. सकाळपासून चार फोन आले."

"नाना, खुलासा छापायचाय. उद्याच्या अंकात."

"कशाचा?"

मी सांगितलं. नाना शेंग सोलायची थांबले आणि हसत सुटले. इतके की डोळे पुसायला त्यांना कालचाच अंक घ्यावा लागला.

"मग खुलाशात काय लिहू? 'उत्तम बाटली उभीच'?"

"तसं नाही."

"कारण ते खोटं ठरेल. आजच आपण छापलंय, उभी बिघडते म्हणून."

"असं लिहा, की फोटोतल्या बाटलीचा आणि मतपत्रिकेवरच्या बाटलीचा काही संबंध नाही."

"बरं. म्हणजे ज्यांच्या डोक्यात तो संबंध आला नव्हता, त्यांच्याही येईल." नानांनी शेंग तोंडात टाकली. "पिंगळेबाई, या धंद्यात मी म्हातारा झालो. बातमी वाचतात निम्मे लोक. खुलासा सगळे वाचतात, आणि मग जुना अंक शोधत रद्दीवाल्याकडे जातात."

"मग मी काय करू?"

"गप्प बसा."

"साहेबांनी गप्प बसायला ठेवलं नाहीये मला."

"तेच तर चुकतं तुमच्या साहेबांचं," नाना म्हणाले आणि शेंगांचा कागद माझ्यापुढे सरकवला.

सोमवारी सकाळी मळ्यात गेले. तोडणीचे दिवस होते. बायका रांगांमधून बसून कात्रीनं घड कापत होत्या आणि क्रेटा भरत होत्या. मंदा शेलार सगळ्यांत पुढे. ती टोळीची मुकादम. तिनं हाक मारली की कात्र्या थांबत आणि परत हाक मारली की चालू होत.

"थांबा गं! पिंगळे मॅडम आल्यात. काही तरी सांगायचं असंल."

मी क्रेटवर उभी राहिले. "पेपर बघितला का कुणी कालचा?"

"बघितला ना!" सगळ्या एकदम. "काय झ्याक फोटू आलाय वो!"

"मंदाताईनं वाचून दाखवला समद्यांना," शेवंता नावाची पोरगेलीशी सून म्हणाली.

"हां, तर त्याबद्दलच. उद्या मतदान आहे. तुम्ही कंपनीच्या बाजूनं आहात ना?"

"म्हंजे काय मॅडम! इचारणं झालं का हे?" मंदा दुखावल्यासारखी म्हणाली. "ज्याचं मीठ खातो त्याच्या विरोधात जाऊ व्हय? आमचं ठरलंय. समद्या जणी आडवीलाच देणार."

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"नाही! आडवीला नाही. उभीला."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"पर उभी खराब होती ना वो मॅडम?" मंदा म्हणाली.

"ती खरी बाटली. मी मतपत्रिकेवरच्या चित्राबद्दल बोलतेय."

"चित्रातली खराब होत नाही?"

"चित्र कसं खराब होईल, मंदाताई!"

"न्हाई, म्हंजे तसं पेपरात लिवलं नव्हतं. पेपरात 'उत्तम बाटली' लिवलंय."

"पेपर विसरा."

"पेपर खोटा हाये का?" शेवंतानं निरागसपणे विचारलं.

"खोटा नाही. पण तो वेगळ्या बाबतीत खरा आहे."

यावर मागून कुणी तरी खुदकन हसलं. मी खडू मागवला आणि दुसऱ्या क्रेटवर दोन बाटल्या काढल्या. एक उभी, एक आडवी. उभीखाली लिहिलं 'दुकान पाहिजे'. आडवीखाली लिहिलं 'दुकान नको'. लहान मुलांच्या शाळेत असल्यासारखं बोट ठेवून म्हणवून घेतलं.

"कुठली?"

"उभी!"

"परत."

"उभी!"

"आडवी म्हणजे?"

"नको!"

"शाबास." मी घाम पुसला. क्रेटवरून उतरले, चपला झटकल्या, चार पावलं गेले. मागून मंदाची हाक आली.

"मॅडम! म्हंजे कंपनीवाल्यांनी बाटल्या उभ्या करून ठिवल्या का आता?"

"नाही हो! त्या आडव्याच आहेत!"

"हां. मग आडवी. कळलं कळलं."

मी परत क्रेटवर चढले. त्या दिवशी मी किती वेळा चढले-उतरले हे आता आठवत नाही. प्रत्येक वेळी कुणाला तरी नवी शंका यायची. चित्रातल्या बाटलीला आमचं लेबल आहे का. बूच दिसतं का. बूचच नसेल तर मग कशी ठेवायची. एकीला काळजी पडली होती की आपण उभीवर शिक्का मारला आणि त्यामुळे कंपनीच्या बाटल्यांची बुचं वाळली तर पगारातून कापून घेणार का. मी समजावत गेले आणि समजावता समजावता मलाच भीती वाटू लागली, की उद्या मी असते तर कशावर शिक्का मारला असता.

परत येताना ग्रामपंचायतीशी गर्दी दिसली. नोटीस फलकावर आमचं पान चिकटवलेलं होतं, चारी बाजूंनी छान गोंद लावून. शेजारी हौसाताई उभ्या होत्या. आणि त्यांच्यासमोर, कपाळाला हात मारावा असं दृश्य: मुंबईच्या चॅनेलचा कॅमेरा. तो ऋत्विकनंच बोलावला होता, 'ग्राउंडवरचा पॉझिटिव्ह मूड' टिपायला.

"या मॅडम," हौसाताई म्हणाल्या. साठीच्या आतबाहेर, नऊवारी, आवाजात कुठलीच घाई नाही. "तुमचे आभार मानायचे राहिले. आमचा छपाईचा खर्च वाचवलात."

"ताई, हे इथून काढा."

"मी कशाला काढू? माझं कुठं हाय? तुमचंच हाय. तुम्ही काढा ना."

कॅमेरा माझ्याकडे वळला. वार्ताहर मुलीनं माइक पुढे केला. "मॅडम, कंपनी स्वतःच्याच पानाला विरोध करतेय का?"

मी फलकाकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. पान फाडलं असतं तर संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं असतं, की वाईन कंपनीची बाई वाईनचा फोटो टराटरा फाडतेय. न फाडावं तर उद्या प्रत्येक बाई त्या पानासमोरून मतदानाला जाणार.

"आम्ही गावाच्या मताचा आदर करतो," मी म्हटलं. ऋत्विकनं अडचणीच्या वेळी म्हणायला हेच वाक्य पाठ करून दिलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर समजलं, की त्याचा अर्थ कसाही होतो.

"ऐकलं का बायांनो," हौसाताई म्हणाल्या. "आदर करत्यात."

मतदान शाळेत झालं. मी नियमाप्रमाणे फाटकापासून लांब, कडुनिंबाखाली उभी होते. आमच्या बायका टोळीनंच आल्या, केसांना तेल लावून, ठेवणीतली लुगडी नेसून, मंदा पुढे. जाताना मला हात केला. मी फक्त तर्जनी उभी धरली. सरळ, आकाशाकडे. तिनं मान डोलवली.

बाहेर आल्या त्या हसतच.

"मारला वो मॅडम शिक्का!" शेवंता लांबूनच ओरडली. "बरोब्बर आडवीवर!"

"आडवी..." माझी तर्जनी आपोआप परत वर गेली. "अगं, काल म्हणवून घेतलं ना!"

"त्ये चित्राचं होतं ना? ही तर छापील होती."

"समद्यांनी आडवीवरच मारला," मंदा अभिमानानं म्हणाली. "एकबी चुकली न्हाई. साहेबांना सांगा, टेन्शन घिऊ नका म्हणावं."

मी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकले. शाळेसमोरून जाणाऱ्या प्रत्येक माणसानं ते वाक्य ऐकलं होतं. चॅनेलवाल्या मुलीनंसुद्धा.

दुपारनंतर निकाल लागला. आडवी निम्म्याच्या पुढे गेली, आणि गेली ती थोडीथोडकी नाही. हौसाताईंच्या गटाच्या जिवावर ती कधीच तिथवर पोचली नसती. हे कळायला हिशेब खात्यातच असावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी 'जनपहाट'चा मथळा होता, 'कंपनीची बाटली कंपनीनेच आडवी केली!' नानांनी शेजारी आमचं जुनं पान बारीक करून छापलं होतं, माहितीसाठी. चॅनेलवर शेवंता सारखी सारखी म्हणत होती, "बरोब्बर आडवीवर!" ऋत्विक मोबाइल घेऊन केबिनमध्ये आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं.

"सर, आपण नॅशनलला ट्रेंड होतोय."

"बाहेर हो," साहेब म्हणाले.

तो कुठल्या अर्थानं बाहेर व्हावं याचा विचार करत दाराशी उभा राहिला. साहेबांनी त्याच्याकडे पाठ केली. भागीदारांचा फोन येऊन गेला होता. दुकान नाही तर पैसे नाहीत, एवढंच ते बोलले होते. साहेब रात्रीतून वाळल्यासारखे दिसत होते.

"पिंगळे, मला एक सांग. हा गाढवपणा आहे की गद्दारी?"

"म्हणजे?"

"चुकून झालं, की ठरवून? चुकून झालं असेल तर या ऋत्विकचं बिल मी देत नाही आणि विषय संपवतो. ठरवून झालं असेल, तर उद्यापासून ती टोळी माझ्या मळ्यात नको. पेठ तालुक्यातून दुसरी आणतो. माझ्याच मळ्यात राबायचं, दिवाळीला साडी घ्यायची आणि माझ्याच पोटावर पाय द्यायचा? आज जाऊन विचार. मला फोन कर. तुला माणसं ओळखता येतात."

ओळखता येतात. तीन दिवस मी हेच समजून चालले होते.

मळ्यात कात्र्या नेहमीसारख्या चालल्या होत्या. मी मंदाला बाजूला, बांधावर बोलावलं. बायका तिथून चार हातांवर, पानांआड होत्या. मंदानं कात्री हातातच ठेवली आणि पदरानं मान पुसली.

"साहेब लई चिडल्यात का?"

"चिडलेत."

"आमचं चुकलंच मॅडम. अडाणी माणसं आम्ही. पेपरात आलं म्हणून..."

"मंदाताई, गावातलं देशीचं दुकान कसं बंद झालं होतं?"

ती थांबली.

"हौसाताईनं केलं."

"कसं?"

"मतदान लावून."

समोरच्या रस्त्यानं आमचा ट्रॅक्टर चालला होता. मंदाचा नवरा चालवत होता, ताठ बसून, मागे भरलेल्या क्रेटा. त्यानं आमच्याकडे बघून हात केला. मंदानं त्याला हात केला नाही, पण वळणापर्यंत नजरेनं पोचवलं.

"ह्यो आधी ट्रॅक्टर चालवत नव्हता," ती म्हणाली. आवाज अगदी वेगळा. सोमवारपासून जो आवाज मी ऐकत होते, तो हा नव्हेच. "फाट्यावर, बसथांब्यापाशी पडलेला असायचा. गाडीला आलेली माणसं ओलांडून जायची. पोरगी शाळेतून आली की दुसऱ्या रस्त्यानं यायची."

"त्या मतदानात चित्रं कुठली होती?"

"ह्याच की."

"आणि तुम्ही शिक्का मारला होता..."

"आडवीवर. आम्ही समद्यांनी. ही शेवंताची सासू, ती कोपऱ्यातली कमळी, समद्या. हौसाताईबरोबर घरोघर फिरलो हुतो आम्ही."

"मग आडवी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

"सोमवारी मी क्रेटवर चढून खडूनं चित्रं काढत होते तेव्हाही?"

मंदानं ओठ दाबले. हसू दाबत होती की रडू, कळलं नाही. पानांआडच्या कात्र्या एकेक करून थांबल्या होत्या.

"तवा देशी हुती मॅडम," ती शेवटी म्हणाली, पुन्हा तोच साधाभोळा आवाज काढून. "ही वाईन. दारूचं वेगळं असतं, वाईनचं वेगळं असतं. आम्हाला दोन म्हैने तुम्हीच तर समजावत हुता. आम्हाला वाटलं, बाटलीचंबी वेगळंच असंल."

त्या वाक्यात बोट ठेवायला जागाच नव्हती. त्यातलं एकेक अक्षर माझं होतं. तीन दिवस मी त्या बायकांच्या डोक्यात उजेड पाडायला धडपडले होते. आणि त्या तीन दिवस, कामही जाऊ नये आणि फाट्यावर दुकानही होऊ नये, अशी एकच वाट शोधत होत्या. ती वाट ऋत्विकनं अर्ध्या पानावर रंगीत छापून दिली होती. राहिलेलं काम म्हणजे न समजल्याचं नाटक. ते त्यांनी इतकं चोख केलं, की गावासमोर, कॅमेऱ्यासमोर ओरडून सांगितलं, म्हणजे नंतर कुणी लपवलं म्हणू नये.

आणि मी त्यांना जमेच्या रकान्यात धरून बसले होते. एकीलाही विचारलं नव्हतं, बाई, तुला काय हवं.

पर्समध्ये फोन वाजला. साहेबच होते. त्यांना धीर नव्हता.

"बोल. गाढवपणा की गद्दारी?"

मंदा माझ्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या वेलीवरचा एक घड बघत होती, कात्री देठाला लावून, पण कापत नव्हती. रांगेत कुठेही काही हलत नव्हतं. एवढ्या बायका एका जागी आणि आवाज नाही, असं मी त्या मळ्यात त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"गाढवपणा, साहेब," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"एवढ्या सगळ्यांचा?"

"एवढ्या सगळ्यांचा नाही. आपला. पान आपलं, फोटो आपला, मथळा आपला. दारूचं वेगळं आणि वाईनचं वेगळं हेही आपलंच. त्यांनी फक्त विश्वास ठेवला."

पलीकडे साहेबांनी टेबलावर काही तरी आपटलं.

"आणि तू काय करत होतीस? तुला पाठवलं होतं ना समजवायला?"

"पाठवलं होतं. मला नाही समजावता आलं."

"मग सोमवारपासून आपल्या जुन्या टेबलावर बस."

"बसते."

फोन बंद झाला. मी तो पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली, चेन अडकली, परत लावली. मंदानं देठ कापला. घड तिच्या ओंजळीत आला, तिनं तो झटकून त्यातला एक चिरलेला मणी काढून टाकला आणि बाकीचा माझ्यापुढे धरला.

"खा मॅडम," ती म्हणाली. "गोड झाल्यात आता."

मग तिनं रांगेकडे तोंड करून हाक मारली आणि सगळ्या कात्र्या एकदम चालू झाल्या.